आठाच्या दगडावरचा दहा

थ्रासोननं एका शेकेलाचा नववा दगड पारड्यात टाकला आणि तराजूची दांडी खाडकन त्याच्या बाजूला कलली.

“आठ टाकले तेव्हा दांडी सरळ होती. सगळ्यांनी पाहिलं ना?” वेशीत जमलेल्या बायकांवरून त्यानं नजर फिरवली. “म्हणजे हा मोठा दगड आठ शेकेलांचा.”

“आठाचाच आहे तो!” येरुशा म्हणाली. “आम्ही दुसरं काय म्हणतोय?”

“तुम्ही आठच म्हणता गं पोरी. दगड दहा म्हणतोय.”

तो लिंबाएवढा, घुमटासारखा चुनखडीचा दगड थ्रासोननं उचलून तिच्या नाकासमोर धरला. दगडाच्या कडेला दोन रेघा कोरलेल्या होत्या, तंबूच्या दोन काठ्या माथ्यावर टेकाव्यात तशा.

“माझं निम्मं आयुष्य मिसरात गेलंय. या खुणेला इथं दहा म्हणतात. शेंबडं पोरही सांगेल. अंगावर दहा लिहायचं आणि पोटात आठ भरायचं! कुणाकुणाच्या गळ्यात मारलात हा दहा म्हणून?”

येरुशानं आपल्या वडिलांकडे, अज्जूरआबांकडे पाहिलं. आता आबा बोलतील आणि या ग्रीकाचं तोंड बंद होईल, अशी तिची खात्री होती. पण अज्जूर सुताच्या गड्ड्यांजवळ नुसताच उभा होता. हातातल्या दोरीची गाठ सोडत होता, पुन्हा बांधत होता.

तराजू आज पहिल्यांदाच येरुशाच्या हातात आला होता. त्यासाठी तिनं आबांचं डोकं किती खाल्लं होतं! मिसरातल्या तहपन्हेसच्या वेशीत लोकर आणि सुताचा हा दिवस आठवड्यातून एकदाच यायचा. थ्रासोन ग्रीक छावणीचा कोठावळा. शिपायांच्या झग्यांसाठी तो लोकर द्यायचा ती त्याच्या शिश्याच्या तुकड्यांनी, स्टेटरांत तोलून. यहुद्यांच्या गल्लीतल्या बाया ती कातून सूत परत करायच्या ते आपल्या दगडांनी, शेकेलांत तोलून. दोन्हींच्या मधला पूल एकच होता. चार तुमचे, पाच आमचे. चार स्टेटर एका पारड्यात, पाच शेकेल दुसऱ्यात, की दांडी सरळ. हे येरुशाला इतकं पाठ होतं की झोपेतून उठवून छत्तीस स्टेटर विचारले तरी ती पंचेचाळीस शेकेल सांगून पुन्हा झोपली असती.

दगड आजोबांचे होते. तन्हूम मायदेशी, लाखीश शहराच्या वेशीत मापाडी होता, आणि लाखीश जळल्यावर त्याच्या घरातून एवढेच दगड वाचले होते. तान्ह्या येरुशाच्या दुपट्यात गुंडाळून आबांनी ते मिसरात आणले. म्हणून आज तिनं आठाचा दगड पारड्यात ठेवला तो अगदी मानानं ठेवला, दिवा मांडावा तसा, कोरलेली खूण पुढं करून. आबा सुताचे गड्डे टाकून धावत आले होते. तिला वाटलं, कौतुकानं आले. त्यांचा हात दगडाकडे गेलाही होता. पण तोवर थ्रासोन खूण पाहायला खाली वाकला होता.

“अज्जूर,” इद्दोकाका म्हणाले. ते गल्लीत सगळ्यांत म्हातारे. “काहीतरी बोल की बाबा. तुझ्या वडिलांचा दगड आहे.”

“आठाचा आहे,” अज्जूर म्हणाला. “मी आठच म्हणून तोलतो.”

“आणि खूण?”

“खुणेचं मला विचारू नका.”

इद्दोकाकांचा चेहरा उतरला. “खोटा दगड घरात ठेवायचा नाही, हे आपल्याला रांगायच्या वयापासून शिकवलंय. हा खोटा असेल तर त्यांनी कशाला फोडायचा? मीच फोडतो.”

“फोडेन मीच,” थ्रासोन म्हणाला. “छावणीचा कायदा आहे. खोटं वजन वेशीतच फोडायचं आणि ज्याच्या हातात सापडलं त्यानं पुन्हा तराजू धरायचा नाही. आणि लोकर पुढच्या खेपेपासून सिदोनी बायकांकडे. मला हौस नाही अज्जूर. पण सेनापतीला काय सांगू? दहावर आठ भरणाऱ्याकडून सूत घेतो म्हणून?”

मागं कुणीतरी हुंदका दिला. ती सारा होती, पाच पोरांची विधवा. तिची चूल त्या लोकरीवरच पेटत होती.

येरुशाचे कान तापले. तिनं थैलीत हात घातला, हाताला लागला तो दगड काढला आणि थ्रासोनच्या पुढ्यात नाचवला.

“आणि हा? यावर काय लिहिलंय ते पण सांगा ना, एवढे शहाणे आहात तर!”

“येरुशा!” आबा म्हणाले.

थ्रासोननं डोळे बारीक केले. या दगडावर विळ्याच्या पात्यासारखी एक वाकडी रेघ होती. “हा कितीचा?”

“चाराचा.”

“चाराचा!” थ्रासोन मोठ्यानं हसला. “लिहिलंय पाच. वा! आठावर दहा, चारावर पाच. तुझ्या आजानं एकही दगड सोडलेला दिसत नाही.”

बरोबरचे दोन शिपाईही हसले. येरुशा मात्र हसण्यावर चिडायचं विसरली. तिचा हात तसाच हवेत राहिला.

“पुन्हा म्हणा,” ती म्हणाली.

“काय?”

“आत्ता म्हणालात ते.”

“चारावर पाच.”

चारावर पाच. जिभेवर हे रोज खेळायचं. फक्त रोज ते जड मापाकडे जायचं, ग्रीकांकडे. आठावर दहा म्हणजे तरी काय, तेच दुप्पट. लबाडी करणारा माणूस इथं थोडं, तिथं जास्त, जमेल तसं ओरबाडतो. सगळ्या दगडांवर सारख्याच मापानं लबाडी कोण करत बसेल? आणि तीही उघड कोरून? शिवाय ही खूण मिसरी. मग हे पाच आणि हे दहा आमचे असतीलच कशाला?

दोन काठ्यांचा तो तंबू तिनं आणखी कुठंतरी पाहिला होता. दर धुण्याच्या दिवशी पाहिला होता.

“इद्दोकाका, मला वेळ द्या. दुपारचं शिंग वाजेपर्यंत.”

“कशाला?”

“द्या म्हणते ना!”

थ्रासोननं खांदे उडवले. “घे. तसाही हातोडा आणायला माणूस पाठवावाच लागणार.”

येरुशा धक्क्याकडे पळत सुटली. विटांचा चौथरा, कुंभारांच्या भट्ट्या, शिपायांची वाळत घातलेली धुणी. कुणाच्या तरी ओल्या झग्याखालून ती वाकून गेली आणि मागून शिवी आली. वाटेत एकदाच तिच्या मनात आलं. नाहीच जुळलं तर? तर दगड फुटेल आणि तो तिच्याच हातानं फोडल्यासारखा होईल. मग तिनं आणखी जोरात पळायला घेतलं.

मिसरी तायरू धक्क्यावर लोकर धुवायचा खार विकायची. ऐसपैस बाई. भोपळ्याएवढं खाराचं ढेकूळ पुढ्यात ठेवून ती काकडी खात बसली होती.

“मावशी, तुझं दहाचं वजन दे!”

“आणि डावा डोळा नको का माझा? तोही ने.”

“मावशी, खरंच. तुझ्या दहावर हीच खूण आहे ना?” सांडलेल्या पांढऱ्या भुकटीत येरुशानं बोटानं दोन रेघा ओढल्या.

“मग काय, बदक काढलं असेल दहावर? आहे हीच. देवळाच्या मापाड्यानं तोलून दिलेलं वजन आहे ते. दहा म्हणजे दहा केदेत, मुंगीच्या पायाएवढाही फरक नाही.”

“पण तुझे केदेत आमच्या शेकेलाहून हलके असतात ना? असतात ना गं?”

“मला काय ठाऊक? तू भाकरी आणतेस, मी खार देते. तुझे शेकेल मी कधी पाहिलेत?”

“तेच तर! कुणीच नाही पाहिले!” येरुशानं तिचा दंड धरला. “चल लवकर. आमच्या आजोबांना चोर म्हणतायत.”

“कोण?”

“थ्रासोन.”

“तो नकट्या?” तायरूनं उरलेली काकडी एका घासात संपवली. “त्यानं मागं माझ्या खारालाही माती म्हटलं होतं. वजन माझ्या हातून सुटत नाही पोरी, देवळाची शपथ आहे. पण मी वजनासकट सुटू शकते.” वजनं तिनं कमरेला खोचली, खाराचं ढेकूळ ओच्यात बांधलं (“हे इथं ठेवलं तर संध्याकाळी सापडायचं नाही”) आणि बैलगाडी निघावी तशी ती निघाली.

वेशीत थ्रासोन सुताच्या गड्ड्यावर बसला होता. मांडीवर लोखंडी हातोडा. आठाचा दगड एका सपाट शिळेवर एकटाच ठेवला होता, कापायला आणलेल्या कोकरासारखा. अज्जूर त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

“आबा, तराजू धरा.”

“नको,” अज्जूर म्हणाला. मग हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं, “येरुशा, राहू दे. फोडू दे त्यांना. आपण दुसरं काहीतरी करून खाऊ.”

तिनं आबांकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते. घाबरले होते. आबांना घाबरलेलं तिनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि कशाला घाबरलेत तेही तिला कळेना.

“मग मी धरते,” ती म्हणाली.

शिळेवरचा आठाचा दगड तिनं एका पारड्यात ठेवला. तायरूनं कमरेचं वजन काढून, त्यावर फुंकर मारून, दुसऱ्या पारड्यात ठेवलं. त्यावर दोन काठ्यांचा तंबू होता. हुबेहूब तोच. येरुशानं तराजू उचलला.

दांडी थोडी डावीकडे झुकली, थोडी उजवीकडे. मग थांबली. मांजर उंबऱ्यावर आडवं पसरावं तशी सरळ पसरली.



“पारडी बदल,” थ्रासोन म्हणाला. तो उठून उभा राहिला होता.

तिनं दगड तिकडं ठेवला, वजन इकडं. दांडी सरळ.

“आठ आमचे, दहा यांचे,” येरुशा म्हणाली. आवाज जरा चिरकला, पण तिला त्याची फिकीर नव्हती. “दगड खोटं बोलत नव्हता. तो मिसरी बोलत होता!”

“एक दगड जुळला,” थ्रासोन म्हणाला. “एखादा जुळतो.”

“मग बाकीचेही घ्या की! घाई कुणाला आहे?” तिनं थैली उलटी केली. सोळाचा दगड आणि चाराचा दगड उचलून एका पारड्यात ठेवले. “वाचा. मोठ्यानं वाचा हं, सगळ्यांना ऐकू येऊ दे.”

थ्रासोननं मान तिरकी केली. “या मोठ्यावर वीस. छोट्यावर पाच.”

“म्हणजे पंचवीस. मावशी, तुझे वीस आणि पाच ठेव.”

तायरूनं ठेवले. दांडी सरळ. बायका पुढं सरकल्या होत्या. साराचं धाकटं कारटं थेट पारड्याखाली येऊन बसलं होतं.

“आता आमच्या मापानं ते किती? सोळा आणि चार, वीस शेकेल. मग तुमचे किती व्हायला हवेत?”

थ्रासोनचे ओठ हलले. हा हिशेब त्यानं वेशीत हजारदा केला होता. “चाराला पाच… विसाला सोळा.”

“काढा तुमचं शिसं.”

त्यानं तायरूची वजनं बाजूला ठेवली आणि आपले चौकोनी शिश्याचे तुकडे स्वतःच्या हातानं, एकेक करून पारड्यात मांडले. शेवटचा ठेवताना तो जरा थबकला. मग ठेवला आणि हात मागं घेतला.

दांडी सरळ राहिली.

“सोळा तुमचे,” येरुशा म्हणाली, “वीस आमचे, पंचवीस यांचे! आमच्याकडून तुमच्याकडे जायची जी पायरी, तीच यांच्याकडे उतरायची. आणि आजोबांनी ती कोरून ठेवलीय!”

आधी सारा हसली, डोळे पुसत. मग सगळ्याच. साराच्या कारट्यानं लगेच चाल लावली, “सोळा, वीस, पंचवीस! सोळा, वीस, पंचवीस!” आणि गल्लीतली पोरं त्याच्या मागं वेशीभोवती फिरायला लागली. दोघा शिपायांपैकी एकजण ढालीवर ताल धरू लागला, तसा थ्रासोननं त्याच्याकडे डोळे वटारले. मग स्वतःच हसला.

“लाखीशच्या वेशीत मिसरी लोक यायचे,” इद्दोकाका म्हणाले. ते खाली बसले होते. “खार घेऊन, सूत घेऊन. मी पोर होतो. तन्हूमच्या तराजूपुढं कधी भांडण व्हायचं नाही. आपला माणूस आला की तो म्हणायचा आठ. मिसरी माणूस आला की दगड नुसता फिरवून खूण त्याच्यापुढं करायचा. माझ्या डोळ्यांसमोर फिरवायचा रे! आणि मी आत्ता तोच फोडायला निघालो होतो.”

“हुशार होता तुझा आजा,” थ्रासोन येरुशाला म्हणाला. “आमची खूण तेवढी विसरला.”

“आठाचे तुमचे होतात सहा आणि वर चिमूटभर,” येरुशा म्हणाली. “चिमूट कशी कोरतात ते सांगा, मी कोरते.”

“ही पोर माझा जीव घेणार,” थ्रासोन शिपायांना म्हणाला. हातोडा खाली टेकवून तो अज्जूरपुढं उभा राहिला. मग त्यानं लोकरीच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि पोतं अज्जूरच्या पायाशी सरकवलं. “तोलायला घे. शिंग वाजायच्या आत आटपू.”

“आणि तो हातोडा इकडं आणा,” तायरूनं हाक मारली. “आणलाच आहे तर उपयोगी पडू दे.” तिनं ओच्यातलं खाराचं ढेकूळ शिळेवर ठेवलं आणि थ्रासोनकडूनच ते फोडून घेतलं. फुटलेल्या खाराचा एक मोठा तुकडा तिनं येरुशाच्या पदरात टाकला आणि त्याबद्दल भाकरी मागितली नाही.

तोलणं सुरू झालं. येरुशानं तराजू आबांपुढं धरला. या खेपेला त्यांनी तो घेतला.

साराचं सूत पहिलं. अज्जूरनं आठाचा दगड उचलला आणि येरुशाला त्याचा हात दिसला. आबा हा दगड नेहमी एकाच पद्धतीनं धरायचे. अंगठा खुणेवर दाबून उचलायचे, खूण आपल्या पोटाकडे वळवून पारड्यात ठेवायचे, काढतानाही आधी अंगठा तिथंच. दगड धरायची पद्धतच ती, असं तिला वाटायचं. लहानपणी आरशासारख्या पाण्यापुढं बसून तिनं तसा अंगठा ठेवायचा सरावही केला होता. आज सकाळी मात्र, मानानं ठेवायचा म्हणून, तिनं ती पद्धत मोडली.

आजोबांचा विषय निघाला की आबा उठून का जायचे, तेही तिला आत्ता आठवलं. या देशात ती खूण वाचायला शिकल्यापासून आबांनी हा दगड एकदाही मिसरी वजनासमोर ठेवला नव्हता. धक्का तर इथून हाकेवर होता, पण वडील लबाड निघाले तर, ही भीती त्याहून जवळ होती.

अंगठा खुणेवर गेला. तिथंच थांबला.

मग अज्जूरनं दगड तळहातावर घेतला, फिरवला आणि खूण लोकांकडे करून पारड्याच्या मधोमध ठेवला.

“माझ्या वडिलांचा आठ,” तो मोठ्यानं म्हणाला.

साराचं सूत दुसऱ्या पारड्यात पडलं. दांडी हलली, सावरली. सगळे दांडीकडे पाहत होते. येरुशा आबांच्या अंगठ्याकडे पाहत होती. तो हवेत एकटाच उभा होता आणि त्याला कुठं ठेवावं हे आबांना सुचत नव्हतं.